काझू मिउरा : वयाच्या बातम्यांआड राहिलेला फुटबॉलपटू

नमस्कार मंडळी!

काझुयोशी मिउरा. हे नाव तुमच्या कानावर आलं असेल तर बहुतेक एकाच कारणामुळे आलं असेल, त्याचं वय. जन्म 26 फेब्रुवारी 1967 चा. आणि 2026 च्या हंगामासाठी हा माणूस जपानच्या तिसऱ्या श्रेणीतल्या फुकुशिमा युनायटेडमध्ये दाखल झाला, खेळाडू म्हणून. अशी बातमी दर वर्षी येते, आपण "बाप रे!" म्हणतो आणि बोट पुढे सरकवतो.

मला या बातम्यांबद्दल मनापासून तक्रार आहे. त्यात खरी गोष्टच राहून जाते. 1998 पासून जपानचा संघ एकाही विश्वचषकाला मुकलेला नाही. त्या देशातला फुटबॉल ज्या मोजक्या माणसांनी उभा केला, त्यांच्यात काझूचं नाव अगदी वर घ्यावं लागतं. जपानसाठी 89 सामने, 55 गोल. आणि विश्वचषकात तो एक मिनिटसुद्धा खेळलेला नाही. आजचा व्हिडिओ त्याबद्दल आहे.

[स्क्रीनवर : 1982, शिझुओका ते साओ पावलो]

1982 साली पंधरा वर्षांचा काझू शाळा अर्धवट सोडून एकटा ब्राझीलला गेला. हे धाडस केवढं होतं ते कळण्यासाठी तेव्हाचा जपान बघा. आपल्याकडे क्रिकेट, तसं तिकडे बेसबॉल. फुटबॉलची लीग होती, 1965 पासून होती, पण ती कंपन्यांची. निस्सान, मित्सुबिशी, फुरुकावा यांचे संघ, आणि बरेचसे खेळाडू त्याच कंपन्यांचे नोकर. यासुहिको ओकुदेरा 1977 मध्ये जर्मनीत कोलोन क्लबकडून खेळायला गेला होता, पण तो अपवाद. फुटबॉल खेळून पोट भरायचं, अशी वाटच जपानमध्ये नव्हती.

ब्राझीलमध्ये तो आधी साओ पावलोच्या जुव्हेंटस क्लबच्या युवा संघात खेळला. 1986 मध्ये सँतोसने, म्हणजे पेलेच्या सँतोसने, त्याच्याशी व्यावसायिक करार केला. करार झाला खरा, पण संघात जागा काही पक्की झाली नाही. मग सुरू झाली वणवण. छोटे क्लब, छोटी गावं, लांबलांबचे प्रवास. 1988 मध्ये किंझे दे जाऊ नावाच्या अशाच एका लहान क्लबकडून खेळताना त्याने बलाढ्य कॉरिंथियन्सविरुद्ध गोल केला आणि ब्राझीलच्या वर्तमानपत्रांना या जपानी पोराची दखल घ्यावी लागली. पुढे कोरितिबा, आणि मग पुन्हा सँतोस. या वेळी मात्र खेळाच्या जोरावर.

1990 मध्ये, तेविसाव्या वर्षी, तो जपानला परतला. योमिउरी क्लबमध्ये. हाच क्लब पुढे व्हर्डी कावासाकी झाला.

आता वेळ कशी जुळून आली बघा. 1992 मध्ये जपानने पहिल्यांदा आशिया चषक जिंकला, तोही घरच्या मैदानावर, हिरोशिमात. गटातला इराणविरुद्धचा सामना जिंकल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं, आणि अगदी शेवटच्या मिनिटांत गोल केला तो काझूने. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच. पाठोपाठ 15 मे 1993 ला जे-लीग सुरू झाली. नवी कोरी व्यावसायिक लीग, भरलेली स्टेडियम्स, आणि पोस्टरवर काझू. चेंडूवरून पाय भराभर फिरवत बचावपटूला चकवणं, गोल केल्यावर कॉर्नरच्या झेंड्याजवळ तो ठरलेला नाच, अंगावर 11 नंबर. जपानी पोरं शाळेच्या मैदानांवर त्याची नक्कल करायची.

त्याच लीगमध्ये काशिमा अँटलर्सकडून ब्राझीलचा दिग्गज झिको खेळत होता. हो, तोच झिको, जो पुढे आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवाचा प्रशिक्षक झाला. गोव्यातून बघणाऱ्या मंडळींसाठी हा किस्सा थोडा सविस्तर सांगतो.

पहिल्या हंगामाचा अंतिम सामना, दुसरा टप्पा, 16 जानेवारी 1994, टोकियोचं राष्ट्रीय स्टेडियम. पहिला टप्पा व्हर्डीने 2-0 जिंकलेला. या टप्प्यात काशिमा एका गोलने पुढे. अशात व्हर्डीला पेनल्टी मिळाली. चेंडू ठेवला काझूने. झिकोला हा निर्णय इतका झोंबला की तो पुढे आला आणि चेंडूवर थुंकला! दुसरं पिवळं कार्ड, म्हणजे झिको मैदानाबाहेर. एवढा गोंधळ, एवढा खोळंबा, समोर खच्चून भरलेलं स्टेडियम. काझूने शांतपणे पेनल्टी मारली, सामना 1-1 वर सुटला आणि दोन्ही टप्प्यांचे गोल धरून पहिलं विजेतेपद व्हर्डीकडे गेलं. त्या हंगामातला लीगचा सर्वोत्तम खेळाडूही काझूच ठरला.

पण या सामन्याच्या तीनच महिने आधी त्याच्या काळजाला एक घाव बसला होता. दोहा.

[स्क्रीनवर : दोहा, 28 ऑक्टोबर 1993]

1994 च्या विश्वचषकासाठी आशियातले शेवटचे सहा संघ कतारमध्ये एकत्र खेळत होते. जागा दोनच. जपान आधी सौदीशी बरोबरीत सुटला, मग इराणकडून हरला. मग काझू पेटला. उत्तर कोरियाविरुद्ध त्याचे दोन गोल, दक्षिण कोरियाविरुद्ध सामन्यातला एकमेव गोल. शेवटचा सामना इराकशी. जिंकलो की अमेरिकेतला विश्वचषक, इतका साधा हिशोब.

पाचव्या मिनिटाला काझूचाच गोल. मध्यंतरानंतर इराकने बरोबरी साधली, मग नाकायामाने जपानला पुन्हा पुढे नेलं. 2-1. नव्वद मिनिटं भरली. इराकला कॉर्नर मिळाला.

इथे जरा थांबून तो क्षण नीट बघा. इराकने कॉर्नर थेट गोलसमोर न मारता जवळच्याच खेळाडूला दिला, म्हणजे शॉर्ट कॉर्नर. त्याला अडवायला कोण धावलं? काझू. संघाचा मुख्य स्ट्रायकर, नव्वद मिनिटं खेळून दमलेला, प्रतिस्पर्ध्याच्या कॉर्नरला बचाव करतोय. त्याने पाय लांबवला, पण चेंडू निसटला. क्रॉस आत आला, जाफर ओमरानने डोकं लावलं आणि चेंडू गोलकीपरच्या डोक्यावरून जाळ्यात. 2-2. जपानी खेळाडू होते तिथे खाली बसले. गोलफरकावर दक्षिण कोरिया पुढे गेलं आणि हातातोंडाशी आलेला घास गेला.

त्या दिवशी जपानच्या मधल्या फळीत हाजिमे मोरियासू होता. 2022 मध्ये त्याच कतारमध्ये जर्मनीला 2-1 असं हरवणाऱ्या जपानचा प्रशिक्षक, तो हाच.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. 1994-95 मध्ये तो इटलीत जेनोआकडून खेळला, सेरी आ या तिथल्या अव्वल लीगमधला पहिला जपानी खेळाडू. पदार्पण मिलानविरुद्ध, आणि त्याच सामन्यात मिलानचा बचावपटू फ्रँको बारेसीशी टक्कर होऊन नाक मोडलं. 21 सामने, एकच गोल, पण तो त्याच शहरातल्या सांपदोरियाविरुद्धच्या डर्बीत. मग परत व्हर्डी, आणि 1996 मध्ये जे-लीगमध्ये सर्वाधिक 23 गोल.

1998 च्या अंतिम पात्रता फेरीची सुरुवात दणक्यात झाली, उझबेकिस्तानविरुद्ध त्याचे चार गोल. नंतर मात्र गोल आटले. नोव्हेंबर 1997 मध्ये जोहोर बाहरूला इराणविरुद्ध निर्णायक सामना होता. प्रशिक्षक ताकेशी ओकादाने बदली खेळाडू पाठवले, तेव्हा काझूने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं, मी? बाहेर यायचं, मी? ते दृश्य जपानमध्ये अजून कुणी विसरलेलं नाही. जपानने तो सामना अतिरिक्त वेळेत 3-2 जिंकला आणि पहिल्यांदा विश्वचषक गाठला.

काझू संघाबरोबर युरोपला गेला. आणि 2 जून 1998 ला, स्वित्झर्लंडमधल्या निआँच्या सराव शिबिरात, ओकादाने अंतिम यादीतून तीन नावं कापली. त्यात त्याचं नाव होतं. स्पर्धा आठवड्याभरावर आलेली.

यावर जपानमध्ये आजही वाद होतो. माझं मत सांगतो. तो 31 वर्षांचा होता, फॉर्म गेलेला होता, त्यामुळे फुटबॉलच्या हिशोबाने ओकादाचा निर्णय समजू शकतो. पण त्याला इतक्या जवळ नेऊन परत पाठवणं मला अजिबात पटत नाही. घरी वगळायचं होतं. जपान तिन्ही सामने हरला, अख्ख्या स्पर्धेत एकच गोल. तो नाकायामाचा. आणि काझू? केस पिवळेधमक रंगवून टोकियोत उतरला आणि पत्रकारांना म्हणाला, की जपानच्या संघाचा अभिमान, त्याचा आत्मा, मी तिकडेच ठेवून आलोय. एका शब्दाने कुणाला दोष दिला नाही.

यानंतरची वर्षं तुम्हाला बातम्यांतून माहीत आहेत. क्रोएशियातलं झाग्रेब, मग जपानमधले क्योटो, कोबे, 2005 पासून योकोहामा एफसी. 12 मार्च 2017 ला, वयाच्या पन्नास वर्षं चौदाव्या दिवशी, दुसऱ्या श्रेणीत गोल. 2020 मध्ये कावासाकी फ्रोन्तालेविरुद्ध जे-लीगच्या पहिल्या श्रेणीत 53 व्या वर्षी थेट सुरुवातीच्या अकरात, दंडावर कर्णधाराची पट्टी. मग जपानमधलाच सुझुका क्लब, 2023 मध्ये पोर्तुगालचा ओलिव्हेइरेन्से.

"हे सगळं जाहिरातीसाठी" असं म्हणणारे आहेत. मिनिटं कमी मिळतात हे खरं आहे, आणि त्याच्या येण्याने तिकिटं खपतात हेही खरं. पण दर हंगामात विशी-पंचविशीतल्या पोरांबरोबर पूर्ण सराव करणं जाहिरातीत भागत नाही. ते शरीरानेच करावं लागतं.

आता एक विनंती. काझू म्हणून शोधाल तेव्हा पन्नाशीनंतरच्या क्लिपा सगळ्यात वर येतील. त्या जरा बाजूला ठेवा आणि 25 ऑक्टोबर 1993 चा दक्षिण कोरियाविरुद्धचा सामना लावा. दुसऱ्या हाफपासून बघितलात तरी चालेल. त्याचा गोल बघा, आणि गोलनंतर उरलेला अर्धा तास तो चेंडूशिवाय किती पळतो ते मोजा. काय दिसलं ते कमेंटमध्ये लिहा, मी वाचतोय.