सरकारमान्य असेल, पण आमच्या गावात नको

मी पुण्याहून आलो आहे, म्हणजे तुमच्या पाण्याच्या वरच्या अंगाहून. आमच्या मुठेत जे जे सोडले जाते ते मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत आणि उजनीतून पाणी सुटले की तुमच्या चंद्रभागेत येते. तेव्हा पंढरपुरात व्याख्यानाला उभ्या राहणाऱ्या पुणेकराने आधी हात जोडावेत आणि मगच विषयाला हात घालावा, एवढा शिष्टाचार मला ठाऊक आहे. तुम्ही हसलात, म्हणजे निदान पहिली पंधरा मिनिटे मला अभय आहे असे समजतो.

नगरपरिषदेला आपल्या हद्दीतील बागांवर आणि हिरवळीवर रसायने फवारण्यास मनाई करता येईल का, हा आजचा जाहीर केलेला प्रश्न आहे. त्याचे उत्तर मी देणारच आहे. परंतु त्याआधी तुम्हाला कॅनडातील हडसन या गावी नेणे भाग आहे, कारण हा प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेऊन धसास लावणारे गाव तेच आहे.

हडसन हे क्यूबेक प्रांतात, माँट्रियलच्या पश्चिमेला, ओटावा नदीच्या रुंद, तळ्यासारख्या पात्राच्या काठी वसलेले सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. तेथे घरापुढे हिरवळ असते आणि तीत पिवळ्या फुलांचे डँडेलियन उगवले की घरमालकाला शेजाऱ्यांपुढे मान खाली घालावीशी वाटते. मग फवारणी कंपनीची गाडी येते. ती फवारते त्यात बहुधा २,४-डी हे तणनाशक असते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ते नावाने माहीत आहे. ते रुंद पानांची झाडे मारते आणि गवताला हात लावत नाही. पाण्यात ते सहज विरघळते आणि मातीला फारसे धरून राहत नाही, त्यामुळे फवारणीनंतर लगेच पाऊस झाला की गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जायला त्याला वेळ लागत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. १९४० च्या दशकात २,४-डी बाजारात येण्यापूर्वी अमेरिकेत आणि कॅनडात हिरवळीच्या बियाण्यात क्लोव्हर या तीन-तीन पानांच्या बुटक्या वनस्पतीचे बी मुद्दाम मिसळलेले असे. हरभऱ्याच्या मुळांवर असतात तशाच गाठी क्लोव्हरच्या मुळांवर असतात आणि त्या हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणजे खत फुकट मिळते. २,४-डीने क्लोव्हरही मरू लागले, तेव्हा क्लोव्हरची गणना तणात झाली. ते गेल्यावर नत्र विकत घेणे आले, आणि जादा झालेले खत तणनाशकाच्याच वाटेने पाण्यात उतरून शेवाळाला पोसू लागले. जलपर्णीने झाकलेले पाणी ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे सांगायला नको.

हडसनमध्ये जून अर्विन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञ होत्या. आपल्या रुग्णांच्या तक्रारींचा या फवारण्यांशी संबंध असावा, असे त्यांना वाटू लागले आणि १९८५ पासून त्या नगरसभेच्या बैठकांना जाऊन आपली पत्रे वाचून दाखवू लागल्या. एकदा नव्हे, दोनदा नव्हे, वर्षानुवर्षे. आपल्याकडे अशा बाईंना ‘आल्या पुन्हा’ म्हणतात. तेथेही कोणी ना कोणी म्हटले असेलच. अखेर मे १९९१ मध्ये गावाने क्रमांक २७० चा उपविधी, म्हणजे गावापुरता नियम, केला आणि केवळ शोभेसाठी होणाऱ्या फवारणीला गावात बंदी घातली. शेतकऱ्याला मुभा ठेवली, पण कोणती रसायने वापरणार ते त्याने दरवर्षी लेखी कळवावे अशी अट घातली. गोल्फच्या मैदानांना पाच वर्षांची सवलत दिली. पुढच्याच वर्षी स्प्रेटेक आणि केमलॉन या दोन कंपन्यांवर उपविधी मोडल्याचे आरोप ठेवले गेले आणि कंपन्यांनी उपविधीलाच न्यायालयात आव्हान दिले.

कंपन्यांचे म्हणणे आता माझ्या घरच्या उदाहरणाने सांगतो. सौभाग्यवतींनी हे पुष्कळदा ऐकले असले तरी तुम्ही प्रथमच ऐकत आहात. आमच्या गृहनिर्माण संस्थेत मधोमध एक लॉन आहे. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकर येतो, त्यातले पाणीसुद्धा या लॉनला चुकत नाही. लॉनमध्ये लव्हाळा, आंबुशी आणि घोळ उगवते, हा कार्यकारिणीच्या मते संस्थेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. म्हणून ठेकेदाराचा माणूस पाठीवर पंप घेऊन येतो. पायात काही नाही, हातात मोजे नाहीत, तोंडाला बांधलेला रुमाल फवाऱ्याने ओला झालेला. बाटलीवरचे सूचनापत्रक इतक्या बारीक अक्षरांत की वाचायला भिंग लागावे, आणि ते वाचून दाखवले तर तो माणूस अत्यंत नम्रपणे ‘हो साहेब’ म्हणतो आणि फवारत राहतो. फवारून झाले की पंप लॉनच्या कडेच्या नळाखाली धुतला जातो, ते पाणी पावसाळी गटारात जाते, गटार नाल्यात आणि नाला नदीत. पुढचा रस्ता तुम्हाला सांगितलाच आहे. मी वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय काढला. एका सभासदाने विचारले की, मुलांनी गवतात काट्यांवर खेळावे काय. दुसऱ्याने सुचवले की, सरांना दुपारी वेळ असतो, तर त्यांनी खुरपे घ्यावे. शेवटी सचिवांनी एका वाक्यात चर्चा मिटवली : ‘बाजारात उघड मिळते, सरकारमान्य आहे, मग आपण बंदी घालणारे कोण?’

जगभराचे निष्णात वकील जो युक्तिवाद मांडतात तो आमच्या सचिवांना चहाच्या आधी सुचला, याचे मला कौतुकच वाटते. हडसनविरुद्ध कंपन्या नेमके हेच म्हणत होत्या : केंद्राने नोंदणी दिलेले औषध, प्रांताने दिलेला परवाना, मग पाच हजारांचे गाव आडवे येणारे कोण? १९९३ मध्ये त्या हरल्या, १९९८ मध्ये अपिलात हरल्या आणि २८ जून २००१ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयातही हरल्या. न्यायालयाने म्हटले ते साधे आहे. केंद्राची नोंदणी ही परवानगी आहे, सक्ती नव्हे. जो मुळीच फवारत नाही तो केंद्राचाही कायदा पाळतो आणि गावाचाही. शिवाय क्यूबेकच्या कायद्याने गावांना आरोग्य आणि सर्वसाधारण कल्याणासाठी नियम करण्याचा व्यापक अधिकार दिलेला आहे, आणि हा नियम त्यात बसतो.

आता ज्यासाठी मी हे निकालपत्र बगलेत घेऊन गावोगाव फिरतो, तो परिच्छेद. न्यायमूर्ती लूरू-द्युबे यांनी सावधगिरीच्या तत्त्वाचा आधार घेतला. गंभीर हानीचा धोका दिसत असेल तर पूर्ण वैज्ञानिक खात्री होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये, असे ते तत्त्व आहे. ते जगात किती मान्य झाले आहे हे दाखवताना त्यांनी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल उद्धृत केले. एक १९९६ चा, वेल्लोरच्या टॅनरींचे, म्हणजे चामडे कमावणाऱ्या कारखान्यांचे, सांडपाणी पालार नदीत जात होते त्याविषयीचा. दुसरा १९९९ चा, हैदराबादला पाणी पुरवणाऱ्या उस्मानसागर आणि हिमायतसागर या तलावांजवळ होऊ घातलेल्या कारखान्याविषयीचा. आपल्या नदीसाठी आणि तलावांसाठी दिलेले निकाल कॅनडातल्या एका गावाच्या कामी आले, आणि आपल्याकडे ते परीक्षेपुरते पाठ केले जातात, ही माझी खरी तक्रार आहे.

पुढचे थोडक्यात. क्यूबेकने आणि नंतर ऑन्टारिओने प्रांतभर शोभेच्या फवारणीवर बंदी आणली. ऑन्टारिओची २००९ च्या एप्रिलमध्ये लागू झाली. बंदीआधीच्या आणि नंतरच्या उन्हाळ्यात तेथील शहरी ओढ्यांचे नमुने तपासले, तेव्हा हिरवळीच्या तणनाशकांचे प्रमाण स्पष्ट घटलेले आढळले. उलट अमेरिकेत १९९१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या बाजूने कौल दिला होता, तर कंपन्यांनी बहुतेक राज्यांत गावांचा हा अधिकारच काढून घेणारे कायदे करवून घेतले. लढाई कोठे हरली जाते, हे त्यावरून ध्यानात घ्यावे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तीवर ‘पाच मिनिटे’ असे लिहिले आहे आणि खाली दोन रेघा मारल्या आहेत. तेव्हा मूळ प्रश्न. आपला १९६८ चा कीटकनाशक कायदा केंद्राचा आहे. यवतमाळला २०१७ मध्ये फवारताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा राज्य सरकारलाही काही औषधांची विक्री केवळ साठ दिवस थांबवता आली, कारण कायद्याने राज्याला दिलेली ताकद अशा तात्पुरत्या बंदीपुरतीच आहे. विक्रीवर बंदी हा नगरपरिषदेचा प्रांत नव्हे, तो नाद सोडावा. पण वापराचे तसे नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या विषयांच्या यादीत, सार्वजनिक आरोग्य, पर्यावरणाचे संरक्षण आणि उद्याने हे तिन्ही विषय आहेत, आणि १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात उपविधी करण्याची तरतूद आहे. शोभेच्या हिरवळीपुरता, शेतीला पूर्ण वगळणारा उपविधी करून मंजुरीला पाठवावा. आव्हान मिळालेच तर परवानगी आणि सक्ती यांतला फरक सांगायला हडसन आहे आणि सावधगिरीसाठी आपले स्वतःचे निकाल आहेत. तो टिकेल असे माझे मत आहे, हमी नाही.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. नगरपरिषदेच्या स्वतःच्या बागांसाठी उपविधीही लागत नाही आणि कोणाची मंजुरीही लागत नाही. बागांच्या देखभालीची पुढची निविदा निघेल तेव्हा ठेकेदाराने तणनाशक वापरू नये, तण खुरपून काढावे आणि खुरपणीची मजुरी दरपत्रकात वेगळी दाखवावी, एवढी अट ठरावाने घालता येते. या सभागृहात नगरसेवक बसले आहेत असे मला येताना सांगितले गेले. प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न त्यांनी विचारावा.