बारा दिवसांच्या बाळाचा पहिला वाढदिवस

नमस्कार. आपल्यातलीच एक मुलगी, इथे इंग्लंडमध्ये वॉर्डात सात वर्षं काढलेली, मध्यंतरी मला म्हणाली, "ताई, हेल्थ व्हिजिटरच्या, म्हणजे तान्ह्या बाळांच्या घरोघरी जाणाऱ्या नर्सच्या कोर्सला अप्रेंटिस म्हणून निवड झाली. घरी फोन केला तर मामी रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, एवढी सिस्टर झालीस आणि आता परत शिकाऊ?" (हशा) तुम्ही हसलात, कारण अशा मामी प्रत्येकीच्या घरी आहेत. मामींना सांगा, ही लेव्हल ७ ची अप्रेंटिसशिप आहे, म्हणजे मास्टर्सच्या तोडीचं शिक्षण. आधी रजिस्टर्ड नर्स किंवा मिडवाइफ असल्याशिवाय तिथे दारातही उभं करत नाहीत. कोर्स पुरा झाला की एनएमसीच्या, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलच्या, रजिस्टरवर वेगळ्या भागात नाव लागतं. तो भाग २००४ मध्ये सुरू झाला. त्यात हेल्थ व्हिजिटर, स्कूल नर्स आणि कारखान्या-कचेऱ्यांतल्या ऑक्युपेशनल हेल्थ नर्स येतात.

आणि आपल्या भाषेत याला फार चांगला शब्द आहे, उमेदवारी. सोनाराकडे, सुताराकडे, छापखान्यात लोक उमेदवारी करायचे. काम करता करता शिकायचं, उस्तादाच्या नजरेखाली. आज मला बोलायचंय ते असं की घरोघरी जाणाऱ्या नर्सचं शिक्षण उमेदवारीनेच व्हावं, आणि ती उमेदवारी किती आठवडे केली यापेक्षा कोणती बाळं वाढताना पाहिली, यावर मोजावी. पण त्याआधी मला एका घरात घेऊन जायचंय तुम्हाला.

मी अप्रेंटिस नव्हते. मी जुन्या पद्धतीने, वर्षभराचा कोर्स करून हेल्थ व्हिजिटर झाले. पहिल्या महिन्यात माझ्या सुपरवायझरबरोबर बाळंतपणानंतरच्या पहिल्या भेटीला गेले. ही भेट दहाव्या ते चौदाव्या दिवसात करायची असते. आमचं बाळ बारा दिवसांचं होतं. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, जिन्यात प्रॅम ठेवलेली, आत हीटर बंद. आई विशीतली, एकटी. मी वॉर्डातून आलेली, हात सफाईदार. बाळाचे कपडे काढून, लंगोटसुद्धा काढून, वजन घेतलं. जन्माच्या वजनापेक्षा शंभरेक ग्रॅम कमीच होतं. रेड बुकात, म्हणजे बाळाच्या आरोग्याच्या वहीत, नोंद केली. बाळाला पाठीवर झोपवतेस का, विचारलं. झोपवते म्हणाली. दूध किती? "चार औंस, दर तीन तासांनी." बाळाच्या अंगाला भरपूर झालं. मी लिहिलं, आहार पुरेसा, आठवड्याने परत वजन. माझ्या मते भेट झाली होती.

माझी सुपरवायझर तोवर गप्प बसून होती. ती आईला म्हणाली, "पुढच्या दुधाची वेळ होत आलीये ना? कर तू, मी येते तुझ्याबरोबर किचनमध्ये, गप्पा मारू." मीही मागे गेले. आईने केटलमधलं पाणी बाटलीत १२० मिली, म्हणजे चार औंस, भरलं, अगदी डोळ्यासमोर बाटली धरून, काटेकोर. मग डबा उघडला. इथल्या पावडरींना ३० मिलीला एक सपाट चमचा लागतो, म्हणजे १२० ला चार. तिने दोन घातले. झाकण लावलं आणि बाटली हलवायला लागली.

मला अजून तो डबा दिसतो. आत पावडर तळाला गेलेली होती आणि चमच्याने कडेकडेने खरवडल्याच्या रेघा उमटल्या होत्या.

सुपरवायझर "चुकतंय तुझं" म्हणाली नाही. तिने विचारलं, "हा डबा कधीपर्यंत पुरवायचाय?" आई म्हणाली, "मंगळवारपर्यंत." त्या दिवशी गुरुवार होता. मंगळवारी तिचे पैसे येणार होते. ती खोटं बोललीच नव्हती. चार औंस, दर तीन तासांनी, शब्दन् शब्द खरा होता. मी औंस विचारले, तिने औंस सांगितले. चमचे मी विचारलेच नाहीत.

मग सुपरवायझरने तिथेच ओट्याला टेकून फोन लावले. आधी त्या दिवसाच्या दुधाची सोय केली. मग हेल्दी स्टार्ट कार्डाचा अर्ज आईच्याच फोनवर भरायला बसली. ते कार्ड कमी उत्पन्नाच्या घरातल्या गरोदर बायका आणि चार वर्षांखालच्या मुलांसाठी असतं, त्यावर तान्ह्या बाळाची पावडर घेता येते. आईला त्याची गंधवार्ता नव्हती. नवी बाटली आईनेच केली, चार चमच्यांची. मग खाली जिन्यात सुपरवायझर मला म्हणाली, "तू बाळ नीट पाहिलंस. घर पाहायला शिकायचंय तुला." रागावून नव्हे, सहज.

आता हे मला कुठल्या लेक्चरमध्ये मिळालं असतं? दुधाचं प्रमाण मला पाठ होतं, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते. आपल्या वॉर्डात पेशंट आपल्या घरी येतो हो. पलंग आपला, वेळ आपली, गाऊनसुद्धा आपला. बाळाच्या घरी मात्र आपण पाहुणे. आईने दार उघडलं तर आत. आणि किचनपर्यंत नेणं ही तर तिची मेहरबानी.

थोडं मागे जाते, अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून. हे काम सुरूच असं झालंय. १८६२ मध्ये मँचेस्टर-सॅल्फर्डमध्ये आरोग्यासाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या मंडळाने घरोघरी जायला पगारी बाई नेमली, ती कामगार वस्तीत वावरणारी. हाक मारली तर दार उघडलं जाईल अशी बाई हवी होती त्यांना. पुढे १८९० नंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेलने बकिंगहॅमशरमध्ये अशा बायकांच्या शिक्षणासाठी प्रयत्न केले. आणि हडर्सफील्डचे महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट माझे विशेष आवडते. १९०४ मध्ये त्यांनी लाँगवुड भागातल्या बाळांसाठी जाहीर केलं की जे बाळ एक वर्षाचं होईल त्याच्या घरी एक पौंड. पौंडाबरोबर घरभेटीही होत्या, आईला विचारपूस करणारं माणूस होतं. मला यातलं मोजमाप आवडतं. पौंड भेटींवर नव्हता, बाळाच्या पहिल्या वाढदिवसावर होता.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. बरं. मग मूळ मुद्द्यावर येते, थोडी घाई होईल.

इंग्लंडमध्ये प्रत्येक बाळाच्या घरी हेल्थ व्हिजिटरच्या पाच भेटी ठरलेल्या आहेत. बाळंतपणाआधी एक, मग पहिल्या पंधरवड्यात, सहा-आठ आठवड्यांनी, वर्षाला आणि दोन-अडीच वर्षांना. कोर्स वर्षाचा. म्हणजे विद्यार्थिनी पहिल्या महिन्यात ज्या बाळाला भेटली त्याची वर्षाची तपासणी येईतो तिचा कोर्स संपतो. माझंही तसंच झालं. त्या बाळाची वर्षाची भेट दुसऱ्या कुणीतरी केली. ते उभं राहिलं का, हीटर सुरू झाला का, आई कशी आहे, मला माहीत नाही. आपण सांगितलेलं लागू पडलं की नाही हेच ज्या शिक्षणात कळत नाही, ते अर्धं शिक्षण. म्हणून उमेदवारी हवी, माझ्या मते दोन वर्षांची, एकाच वस्तीत, त्याच टीममध्ये. समजा दहा बाळं तिच्या नावावर, आणि त्या दहाही बाळांची वर्षाची भेट तिनेच करायची, सुपरवायझर शेजारी बसून. तोपर्यंत पदवी नाही.

आता पैसा. २०१७ पासून ज्यांचं पगारबिल ३० लाख पौंडांच्या वर आहे ते मालक त्यावरच्या रकमेचा अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही नावाचा कर भरतात. आपले हॉस्पिटल ट्रस्टही भरतात. या पैशातून अप्रेंटिसची फी आणि परीक्षेचा खर्च निघतो. पण पगार निघत नाही, आणि ती शिकायला गेली की तिच्या जागी उभी राहणारीचा पगारही निघत नाही. मग मॅनेजर काय करणार? सोडतच नाही. अर्ज ड्रॉवरमध्ये. इथे बसलेल्या कितीजणींचे अर्ज असे पडून आहेत, हात वर करा. बघा, किती हात! जागी उभ्या राहणारीचा पगार लेव्हीतून मिळालाच पाहिजे, ही पहिली मागणी.

दुसरी, वयाची. १ जानेवारी २०२६ पासून लेव्हल ७ ला नव्याने येणाऱ्यांना, मोजके अपवाद सोडले तर, हा लेव्हीचा पैसा २२ वर्षांखाली असतील तरच मिळतो. हिशोब करा. अठराव्या वर्षी नर्सिंगला गेलेली मुलगी एकविसाव्या वर्षी रजिस्टर होते. तिने त्याच वर्षी, वॉर्डाचा अनुभव न घेता, दुसऱ्याच्या किचनमध्ये जाऊन उभं राहायचं? आणि आपण, तिशी-पस्तिशीत इथे आलेल्या, आपण तर हिशोबातच नाही. दुसऱ्या कुठल्या निधीतून काही वर्षं डागडुजी करता येईल. मला डागडुजी नको. आधी रजिस्ट्रेशन लागतं अशा कोर्सला वयाची ही अट लागूच करू नये.

आणि गरज केवढी आहे! २०१५ मध्ये इथे हेल्थ व्हिजिटरची पूर्णवेळ पदं दहा हजारांच्या वर होती. त्यानंतर ती चाळीस टक्क्यांहून जास्त घटली. एका हेल्थ व्हिजिटरकडे अडीचशे मुलं असावीत असं संघटना वर्षानुवर्षं सांगतायत. प्रत्यक्षात पाचशेच्या वर सांभाळणाऱ्या माझ्या ओळखीच्या आहेत. पाचशे घरांत किचनपर्यंत कोण जाणार?

घंटा झाली, थांबते. ज्यांच्या हातात ड्युटी रोस्टर आहे, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा. आठवड्यातला एक दिवस एका मुलीला कसं मोकळं करता येईल ते कागदावर मांडून आणलंय. पंधरा प्रती आहेत.