सातशे कमिटमधला एक

मंडळी, मघाशी दादर स्टेशनवरून इथे येताना एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, क्रॅश शोधायला सुरुवात कुठून करायची?" आज एकाच बगची गोष्ट सांगतो.

अंधेरीच्या एका ऑफिसात आम्ही गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आमचे थोडे बदल घालून तो वापरायचो. टॅगची, म्हणजे आवृत्त्यांना दिलेल्या नावांची, यादी काढली की प्रत्येकापुढे कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलाची, तारीख दिसायची, हा त्यातलाच एक. एका सकाळी ड्रायव्हर लिहिणारी सहकारी म्हणाली, "अरे, माझ्याकडे यादीच येत नाही, सेगमेंटेशन फॉल्ट येतो." म्हणजे प्रोग्रॅमने मेमरीत नको तिथे हात घातला आणि तो क्रॅश झाला, मधेच बंद पडला. बाकी कुणाकडे काहीच नाही. "माझ्याकडे तर चालतंय" म्हणून विषय मिटवायचा मोह इथेच होतो. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. फरक मशीनचा नव्हता, रिपॉझिटरीचा, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेल्या साठ्याचा होता. तिच्याकडे लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा कोड होता. त्याचाच क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, घेतल्यावर माझ्याकडेही क्रॅश झाला. क्रॅश असा हुकमी व्हायला लागला की अर्धं काम झालं.

जीडीबी या डीबगरमध्ये बॅकट्रेस पाहिला, म्हणजे कोणत्या फंक्शनमधून कुठे जाऊन प्रोग्रॅम पडला ते. तारीख वाचताना पॉइंटर नल होता, म्हणजे मेमरीतला पत्ता रिकामा होता. पण ती ओळ जुनीच होती, कित्येक महिन्यांत कुणी हात न लावलेली. मग आताच का?

जुनी आवृत्ती चालत होती. मधे सातशेच्या आसपास कमिट. गणपतीच्या माळेतला गेलेला बल्ब शोधताना आपण टेस्टर आधी मधोमध लावतो ना? करंट तिथवर येतोय, म्हणजे दोष पुढच्या अर्ध्यात. गिट बायसेक्ट हेच करतं. सातशे कमिटना फार तर दहा चाचण्या.

प्रत्येक चाचणी आपोआप व्हावी म्हणून स्क्रिप्ट लिहून ‘बायसेक्ट रन’ला दिली, तर ते मधेच थांबलं. हे नीट लक्षात ठेवा. सेगमेंटेशन फॉल्ट म्हणजे सिग्नल ११, त्यामुळे शेलकडून, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडून, एक्झिट कोड (प्रोग्रॅम कसा संपला ते सांगणारा आकडा) येतो १२८ अधिक ११, म्हणजे १३९. आणि १२८ किंवा त्यावरचा कोड आला की बायसेक्ट शोधच सोडून देतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये १३९ चा १ करायचा, म्हणजे बायसेक्ट ते कमिट ‘बिघडलेलं’ धरतं. जे कमिट कम्पाइलच होत नाही, त्याला १२५ द्यायचा, म्हणजे ते वगळलं जातं.

जेवायच्या सुट्टीआधी कमिट सापडलं. ‘साफसफाई’ म्हणून त्यात दोन ओळी काढल्या होत्या: कमिट नल असेल तर तारीख छापू नको. तो बदल तपासून, म्हणजे रिव्ह्यू करून, मीच मंजूर केला होता. टॅग नेहमी कमिटवरच असतो, अशी माझी पक्की समजूत होती.

तसं नसतं. लिनक्सचा गिटमधला इतिहास एप्रिल २००५ मध्ये, २.६.१२-आरसी२ पासून सुरू होतो. त्याआधीच्या २.६.११ चं कमिट तिथे नाहीच, म्हणून तो टॅग थेट ट्रीवर, म्हणजे फाइल-फोल्डरांच्या नुसत्या नोंदीवर, लावलेला आहे. तिथे कमिट मागितलं की नल मिळणारच.

त्या दोन ओळी परत घातल्या, वर कारणाची कॉमेंट लिहिली. मग कर्नलचा एवढा मोठा क्लोन न घेता टेस्ट लिहिली: नवी रिपॉझिटरी, एक फाइल, एक कमिट आणि त्याच्या ट्रीवर टॅग. आधी ती जुन्या कोडवर चालवून क्रॅश होतोय हे डोळ्यांनी पाहिलं, मगच दुरुस्ती पुढे पाठवली.