जेरार्ड डेब्रू : किमतींचा पुरावा शोधणारा प्राध्यापक

श्रोतेहो, नमस्कार. गणिती अर्थशास्त्राचे प्राध्यापक जेरार्ड डेब्रू यांचा जन्म 4 जुलै 1921 रोजी फ्रान्समधील कॅले या बंदरात झाला. घरचा व्यवसाय लेस विणण्याचा, त्यामुळे विणकरांची वस्ती असलेल्या शहापूर-वडगावच्या श्रोत्यांना ते घर फारसे परके वाटू नये. पॅरिसमध्ये ते गणित शिकले ते ‘बुर्बाकी’ या सामूहिक टोपणनावाने लिहिणाऱ्या गणितज्ञांच्या प्रभावाखाली, आणि व्याख्या नेमकी केल्याशिवाय पुढे न सरकण्याची त्यांची शिस्त डेब्रूंनी अर्थशास्त्राकडे वळल्यावरही सोडली नाही.

1950 मध्ये ते शिकागोच्या काउल्स कमिशन या अर्थशास्त्रीय संशोधन संस्थेत दाखल झाले. सगळ्या बाजारांत एकाच वेळी मागणी-पुरवठ्याचा मेळ घालणाऱ्या, म्हणजेच समतोल किमती असतातच का, हा एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ वालरास यांच्यापासूनचा प्रश्न तेव्हा खुलाच होता. 1954 मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांच्यासह त्यांनी स्थिरबिंदू प्रमेयाच्या (ठरावीक अटींत, बदलाच्या क्रियेत निदान एक बिंदू जागचा हलत नाही, असे सांगणाऱ्या गणिती नियमाच्या) आधारे दाखवले की ठरावीक अटी पाळल्या तर अशा किमती असतात. जितके उत्पादन जास्त तितका दरनगी खर्च कमी, असे मोठे कारखाने मात्र त्या अटींत बसत नाहीत.

1959 च्या ‘थिअरी ऑफ व्हॅल्यू’ या छोटेखानी ग्रंथातली वस्तूची व्याख्या मला सर्वांत मोलाची वाटते. त्यांच्या मते नुसता माल सांगून भागत नाही, तो कुठे आणि केव्हा मिळणार हेही सांगावे लागते. निपाणीच्या वखारीत आज असलेला तंबाखू आणि सहा महिन्यांनी कोल्हापुरात पोचणारा तोच तंबाखू या दोन निराळ्या वस्तू ठरतात. मग साठवण आणि वाहतूक ही उत्पादनाचीच रूपे होतात. पुढे ते परिस्थितीचीही अट घालतात: पाऊस चांगला झाला तरच द्यायचे खानापूरचे भात ही आणखी वेगळी वस्तू. आपले व्यापारी हे सौद्याच्या बोलीत नेहमीच धरतात. डेब्रूंनी ते गणितात बसवले.

1962 पासून ते अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत शिकवत होते. 1983 चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले आणि 31 डिसेंबर 2004 रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

बाजाराला मोकळे सोडा म्हणणारे त्यांचा दाखला सर्रास देतात, पण तो दाखला तेवढा ताणता येत नाही. समतोल किमती असतात, एवढेच त्यांनी सिद्ध केले होते. बाजार त्या किमतींपर्यंत आपोआप पोचतो, असे नव्हे. उलट व्यक्तींच्या सुज्ञ वागण्यावरून एकूण बाजाराच्या मागणीबद्दल फारच थोडे ठरवता येते, हे 1974 मध्ये दाखवणाऱ्यांत खुद्द डेब्रूच होते.