गच्चीवरचा वारा आणि समुद्रावरचा वारा

मंडळी, बडोद्यात वाढलेल्या माणसाला पतंगाचं नवीन काय सांगायचं? किन्ना, म्हणजे मांजा जोडायची पतंगावरची दोरी, कसा बांधायचा, ढील कधी द्यायची, हे दांडिया बाजारातल्या गच्च्यांवर मुलं दहाव्या वर्षीच शिकतात. काइटबोर्डिंगला, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर फळीवर उभं राहून पाण्यावरून धावायच्या खेळाला, हा हात कामाला येतो. पण गच्चीवरच्या दोन सवयी पाण्यात जिवावर बेतू शकतात, त्या आधी मोडायला हव्यात.

पहिली सवय म्हणजे वारा आहे की नाही, एवढंच बघायची. समुद्रावर पहिला प्रश्न दिशेचा. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवसांत आपल्याकडे वारा बहुधा उत्तरेचा किंवा ईशान्येचा असतो. कच्छमधल्या मांडवीचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे, म्हणजे तिथे हाच वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. काठाजवळचं पाणी सपाट दिसतं आणि नवशिका तिथेच फसतो. पतंग पाण्यात पडला की माणूस खोल समुद्राकडे ओढला जातो. त्यातून घरंझाडं ओलांडून आलेला वारा तुटक असतो. अडथळ्याच्या उंचीच्या सात ते दहा पट अंतरापर्यंत तो सावरत नाही. थेट किनाऱ्यावर आदळणारा वाराही नको, कारण पतंगाने उचललं तर समोर वाळू, भिंती, विजेचे खांब. वारा समुद्राकडून तिरका किंवा किनाऱ्याला समांतर असावा, आणि तो ज्या बाजूला वाहतो तिकडे निदान शंभर मीटर जागा मोकळी असावी.

आता जोर. शिकणाऱ्याला १२ ते १८ नॉट (समुद्रावर वाऱ्याचा वेग मोजायचं एकक) पुरेत, म्हणजे ताशी २२ ते ३३ किलोमीटर. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. म्हणून हवामानाच्या अंदाजातला सरासरी आकडा बघून निघू नका, झोतांचा, म्हणजे मधेच येणाऱ्या जोरदार झपाट्यांचा, आकडा बघा. सरासरी १४ आणि झोत २४ नॉटचे असतील, तर तोच पतंग क्षणात जवळजवळ तिप्पट ओढतो. अशा दिवशी काठावर बसून इतरांना बघणंच बरं.

ऋतूंकडे या नजरेने बघा. फेब्रुवारी ते एप्रिल कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, बराचसा एकसारखा. शिकायला हाच काळ चांगला. मे-जूनमध्ये वळवाचे ढग उठतात, तो सगळ्यात फसवा काळ. ढगातून खाली कोसळलेली थंड हवा पावसाच्या बरीच पुढे, जमिनीलगत धावत येते. आधी वारा पडतो, मग गार झुळूक लागते, वाऱ्याची दिशा फिरते आणि काही मिनिटांत जोर दुप्पट होतो. काळा ढग दिसला की पतंग उतरवायचा, गार झुळकेची वाट बघायची नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात जायचं नाही.

पावसाळ्यात नैऋत्येचा वारा भरपूर असतो, पण दर्या खवळलेला. कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी लोटत नाहीत, तिथे नवशिक्याचं काय काम? आणि अरबी समुद्रातल्या वादळांचे दोन हंगाम लक्षात असू द्या: मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. तौक्ते १७ मे २०२१ ला गुजरातच्या किनाऱ्यावर आलं, बिपरजॉय १५ जून २०२३ ला. हवामान खात्याचा मच्छिमारांना इशारा असेल तर तो आपल्यालाही आहे.

कुणी म्हणेल, एवढं लांब कशाला, खंभातचं आखात जवळ आहे. तिथे अजिबात नको. कावी-कंबोईचं महादेवाचं देऊळ भरतीत बुडताना तुम्ही पाहिलंच असेल. भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, प्रवाह माणसाला पोहू देत नाही आणि ओहोटीनंतर उरतो तो चिखल.

दुसरी सवय घट्ट धरायची. घाबरलेला माणूस हातातला बार, म्हणजे पतंगाच्या दोऱ्या जोडलेला आडवा दांडा, छातीकडे ओढतो, आणि इथे बार ओढला की पतंगाचा जोर वाढतो. म्हणून पहिली पायरी: बार सोडून द्या, पतंगाची बरीच ताकद तिथेच जाते. तरीही ओढत असेल तर हार्नेससमोरची (अंगाला बांधलेल्या पट्ट्यासमोरची) क्विक रिलीज, म्हणजे पतंग झटक्यात सोडवायची कळ, दाबून पुढे ढकला. पतंग मग एकाच दोरीवर फडफडत राहतो. तोही झोडपतच राहिला, किंवा दुसऱ्याच्या दोऱ्यांत अडकला, तर शेवटी लीशही, म्हणजे त्या एका दोरीला आपल्याशी जोडून ठेवणारा सुरक्षेचा बंदही, सोडायची. पतंग गेला तर जाऊ द्या. हा क्रम वाळूवर, डोळे मिटून, हात आपोआप जाईपर्यंत करायचा. वाळू शिरली की रिलीज अडकते, म्हणून प्रत्येक वेळी उतरण्याआधी ती एकदा सोडून, गोड्या पाण्याने धुऊन बघावी.

खोल पाण्यात रिलीज केल्यावर आधी लीशची ती एकच दोरी बारवर गुंडाळायची, मग बाकीच्या. उलट केलं तर पतंग पुन्हा वारा धरतो. दोऱ्यांना गाठ मारून पतंगापर्यंत जायचं आणि त्याचं टोक धरून शिडासारखं काठाकडे यायचं. हे करताना दोरी बोटाला किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नका, गच्चीवर मांजा गुंडाळतात तशी. एक झोत आला की ती बोट कापून नेते.