ढगाळ दिवशी कॅमेरा घेऊन निघा

मागच्या ऑक्टोबरात आम्ही बॉस्टनहून न्यू हॅम्पशायरला, कँकामॅगस हायवेला पानगळीचे रंग पाहायला निघालो, त्याच्या आदल्या रात्री सारखे फोन येत होते. "उद्या ढगाळ आहे म्हणे, पुढच्या शनिवारी जायचं का?" तुमच्यातल्याच दोन-तीन घरांनी बेत रद्द केला. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः त्यांच्यासाठी.

पानगळीचे रंग पाहायला ऊन हवं, अशी आपली पक्की समजूत असते. माझा अनुभव उलटा आहे. भर उन्हात मेपलची एक बाजू पांढुरकी दिसते आणि दुसरी काळी पडते. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलत नाहीत. ढग आले की अख्खं आभाळच दिवा होतं. सावल्या विरतात आणि पार खोडाजवळच्या पानापर्यंत रंग दिसतो. त्यात घरच्यांबरोबर जाणाऱ्याची तर मोठीच सोय होते. उन्हाच्या दिवशी चांगला प्रकाश सकाळ-संध्याकाळचा, जेमतेम तासाभराचा. पाच वर्षांची मुलगी आणि सत्तरीतली आई यांना घेऊन उजाडायच्या आत डोंगरात कोण पोचणार? आम्ही अकराला पोचलो. थर्मासमधला चहा झाला, दशम्या झाल्या, आणि दुपारी एक वाजताही प्रकाश सकाळइतकाच मऊ होता. कुणालाही घाई करावी लागली नाही.

कँकामॅगसचा हा रस्ता लिंकन ते कॉनवे, सुमारे 55 किलोमीटरचा. वाटेत पेट्रोल पंप नाही, टाकी आधीच भरून घ्या.

आता आभाळाचं काय करायचं? ते फोटोत घ्यायचंच नाही. वरच्या कडेला पांढऱ्या आभाळाची पट्टी आली की नजर तिकडेच जाते, आणि कॅमेरा त्या उजेडाचा हिशेब धरून झाडं काळपट करून टाकतो. उतारावर उभे राहा आणि कॅमेरा खाली, नदीकडे धरा. स्विफ्ट नदीवर 1858चा लाकडी, छप्पर असलेला ऑल्बनी पूल आहे. त्याच्या अंधाऱ्या पोटात उभं राहून बाहेर बघितलं की आभाळ छपराआड जातं आणि चौकटीत उरतात फक्त बर्च आणि बीचची पिवळी झाडं.

पाऊस भुरभुरत असला तर आणखी चांगलं. मात्र ओल्या पानावर आभाळाची पांढरी चकाकी बसते आणि खालचा रंग झाकते. त्यासाठी पोलरायझर फिल्टर, म्हणजे चकाकी अडवणारी काच, भिंगापुढे लावा. त्याची कडी हळूहळू फिरवायची. धुळकट काचेवरून ओला फडका फिरवावा तशी चकाकी निघून जाते आणि लाल रंग वर येतो. तो क्षण डोळा लावून पाहण्यासारखा असतो! या फिल्टरने प्रकाश निम्म्याहून कमी होतो, पण याच रस्त्यावरच्या सॅबडे धबधब्यापाशी तेच पथ्यावर पडतं. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवता येतं आणि पाणी रेशमासारखं उतरतं. कॅमेरा मात्र तिकाटण्यावर हवा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंगांचा तोल, 'क्लाउडी'वर ठेवा, नाहीतर सगळं निळसर येतं. मोबाइलवाल्यांनी पानांवर बोट टेकवून उजेड जुळवावा. आणि खिशात एक कोरडा सुती रुमाल असू द्या.

माणसांचे फोटोही याच प्रकाशात काढा. डोळ्यांखाली सावली पडत नाही, कुणी डोळे बारीक करत नाही.

धबधब्याच्या पायवाटेवर आईने एक मेपलचं पान उचललं. देठ ओला, शिरा अजून हिरवट, मध्ये शेंदरी आणि टोकांना गडद लाल. ते तळहातावर ठेवून ती म्हणाली, "आपल्या कुसुंबाची पालवी अशीच असते की रे, चैत्रातली." मी कॅमेरा खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिलो. ती म्हणाली ते अगदी खरं आहे. पानातला पिवळा रंग उन्हाळाभर हिरव्याखाली दडलेला असतो, हिरवा ओसरला की दिसतो. लाल मात्र शरदात नव्याने तयार होतो, आणि कुसुंबाच्या कोवळ्या पालवीत जे रंगद्रव्य असतं त्याच जातीचं हे. आपल्याकडे पान येताना लाल होतं, इथे जाताना.

मग मी त्या तळहाताचा फोटो काढला. काचेच्या हिरव्या बांगड्या, पानावर दोन थेंब, मागे ओला काळा खडक.

मागचे दिवे जरा घालवता का? पहिला फोटो तोच आहे.