केंबरांच्या मागावर

नमस्कार श्रोतेहो.

उंबर फोडून केंबरं, म्हणजे आतले बारीक किडे, काढू नयेत, असं आपल्याकडे बजावून सांगतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. रेनी बोर्जेस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं नेमकं तेच केलं. उंबरं फोडली, केंबरं ओळखली, आणि कोण कधी येतं, कधी जातं हे टिपून ठेवलं. माझ्या मते बाईंच्या साऱ्या संशोधनाचं मर्म या ‘कधी’मध्ये आहे.

त्यांचं शिक्षण मुंबईत आणि पीएच.डी. अमेरिकेत, मायामी विद्यापीठाची. पण त्या पदवीचा विषय मात्र आपल्या घरचा, शेकरू! आपलं भीमाशंकर आणि कर्नाटकातलं मागोड, या दोन जंगलांत त्यांनी शेकरूचं खाणं तपासलं. जंगलात फळांचा दुष्काळ पडला की हा प्राणी काय खातो? वड-उंबराच्या जातीची झाडं त्याला किती हात देतात? अशा प्रश्नांतून त्या झाडांकडे वळल्या आणि मग झाडांवरच्या किड्यांकडे.

भीमाशंकरला वारस नावाचं झाड आहे. त्याची पांढरी, सुवासिक फुलं रात्री उमलतात. रात्रीचं फूल म्हटलं की आपण पतंग किंवा वटवाघूळ धरून चालतो. बोर्जेस आणि त्यांच्या विद्यार्थिनी हेमा सोमनाथन यांना दिसलं ते वेगळंच. तिथे परागीभवन करत होते ते भुंगे, लाकूड पोखरून राहणारे! त्यांतली एक जात तर चंद्र नसलेल्या रात्रीही उडते. स्वीडनमधल्या दृष्टितज्ज्ञांबरोबर 2008 साली त्यांनी दाखवून दिलं, की निव्वळ चांदण्यांच्या उजेडात हा भुंगा घरट्याजवळच्या खुणेचा रंग ओळखतो. अशा अंधारात आपल्याला रंग मुळीच कळत नाहीत.

आता उंबर. आपण ज्याला फळ म्हणतो तो आत वळलेला फुलोरा. शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला असतात. ती तयार झाली की फुलोरा वास सोडतो, आणि केंबराची दोनेक मिलिमीटरची मादी टोकाच्या भोकातून आत घुसते. वाट इतकी अरुंद की घुसताना तिचे पंखच तुटतात. अंगावर आणलेले पराग ती फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी आधी नर निपजतात, बिनपंखी. माद्यांशी मीलन करायचं, त्यांच्यासाठी बाहेरची वाट कोरायची आणि संपायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. माद्या पराग भरून घेऊन उडतात. त्यांच्या हाती जेमतेम एक-दोन दिवस. तेवढ्यात त्यांना दुसरं झाड गाठायचं असतं, आणि तेही नेमक्या त्याच अवस्थेतलं!

या संसारात उपरेही आहेत. काही जातींची केंबरं आत शिरतच नाहीत. बाहेर बसून सुईसारखा लांब अवयव फळात खुपसतात आणि अंडी घालतात. त्या सुईची ठेवण बोर्जेस यांच्या गटाने 2011 साली मांडली. फळ कोवळं असताना येणाऱ्यांची सुई साधी, तर फळ कठीण झाल्यावर येणाऱ्यांच्या सुईच्या टोकाला दाते. पुन्हा प्रश्न वेळेचाच, नाही का?

सह्याद्रीच्या दक्षिण भागात हम्बोल्टिया नावाचं एक झाड आहे. त्याच्या फुगीर, पोकळ कांड्यांत मुंग्या राहतात. त्याच पोकळीत या मंडळींना चक्क झाडावर राहणारं गांडूळ सापडलं. मुंग्या झाडाची राखण करतात म्हणावं, तर हा फुकट राहणारा भाडेकरू कशाला? पण 2014 च्या अभ्यासात दिसलं, की गांडुळापासूनही झाडाला नायट्रोजन मिळतो.

माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीवरही बोर्जेस होत्या. त्या अहवालावर बोलायला वेगळं भाषण लागेल, आणि आज वेळ थोडा आहे.

जवळपास उंबर असेल तर खोडावर लगडलेल्या हिरव्या, कच्च्या फळांकडे नीट बघा. साधं भिंग पुरेल. फळाच्या सालीवर पाय रोवून, शेपटीसारखी लांब सुई आत घालत बसलेली केंबरं दिसतील. लाल मुंग्या असतील तर त्याही त्यांच्याच मागावर असतात. तेव्हा बोटं जरा सांभाळून.

नमस्कार.